टेराकोटा आणि दगडी फरशीची स्वच्छता व सीलिंग : खान्देशातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फरशीला सीलर, म्हणजे पाणी व डाग आत शिरू न देणारे द्रव, लावणे हे या कामातील सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत आधी सीलरचा डबा विकत घेतला जातो, एका दुपारी फरशी धुतली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात मारून काम संपवले जाते. अशा घाईचे परिणाम पहिल्या पावसाळ्यात दिसू लागतात : फरशीवर पांढुरके डाग पडतात, मातीच्या फरशीचे पापुद्रे सुटतात आणि तेलाचे जुने डाग सीलरखाली कायमचे बंदिस्त होतात. फरशी कोणती आहे हे ओळखणे, तिच्यातील मळ व क्षार बाहेर काढणे आणि ती खोलवर कोरडी होऊ देणे या तीन गोष्टींना बहुतेक वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला तर सीलर लावण्यास एक दिवस पुरतो.

फरशी कोणती आहे, हे आधी ठरवा

खान्देशाचा स्वतःचा दगड म्हणजे काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. जुन्या वाड्यांची जोती, पायऱ्या आणि चौक याच दगडाचे असतात. घरातील जमिनीला मात्र गेल्या कित्येक दशकांत बाहेरून आलेला दगड बसवला गेला : कर्नाटकातील शहाबादी, आंध्रातील कडप्पा, तेलंगणातील तांदूर आणि राजस्थानातील कोटा. दिसायला हे चारही वेगळे असले, तरी ते मूलतः चुनखडकच आहेत. संगमरवरही त्याच कुळातील आहे. म्हणून या सर्वांचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे आम्ल. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसूल आणि संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव या दगडातील कॅल्शियम कार्बोनेट खातात आणि पृष्ठभाग बोथट, पांढुरका करतात. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर लिंबू कापलेल्या जागी जो फिकट ठसा उमटतो, तो डाग नसून दगडाची झीज असते. तो कोणत्याही साबणाने जात नाही. तेथे पुन्हा घासाई आणि पॉलिश करावे लागते.

ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांवर सौम्य आम्लाचा असा परिणाम सहसा होत नाही. धोलपुरी किंवा तत्सम वालुकाश्म चुनखडक आणि ग्रॅनाइट-बेसाल्ट या दोन गटांच्या मधोमध बसतो, कारण त्याचे कण एकत्र धरून ठेवणारा पदार्थ कधी सिलिकाचा, तर कधी चुन्याचा असतो. टेराकोटा ही भाजलेली माती आहे. आम्लाने माती विरघळत नसली, तरी तिच्या सांध्यांतील सिमेंट विरघळते, आणि तिची सच्छिद्रता इतकी असते की तिच्यावर ओतलेली प्रत्येक गोष्ट आत जाते.

शंका असल्यास कपाटाखालच्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसून घ्या. बारीक फेस आला किंवा चमक गेली, तर दगड चुनखडकाचा आहे. ही खूण कायम राहते, म्हणून परीक्षा दर्शनी जागी करू नये.

दुसरी परीक्षा पाण्याची आहे. स्वच्छ, कोरड्या फरशीवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. एक-दोन मिनिटांत थेंबाखालची जागा गडद झाली, तर फरशी पाणी पिते आहे आणि तिला सीलरची गरज आहे. दहा-पंधरा मिनिटांनंतरही थेंब वरच राहिला, तर जुना सीलर अजून टिकून आहे किंवा दगडच पुरेसा घट्ट आहे. पॉलिश केलेल्या गडद ग्रॅनाइटला बहुधा सीलर लागत नाही. तरीही लावला, तर तो आत न शिरता वर चिकट धुके होऊन बसतो.

तिसरी परीक्षा तळमजल्यासाठी अनिवार्य समजावी. दीड फूट लांब व दीड फूट रुंद असा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करा आणि २४ तास तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव जमले किंवा फरशी गडद दिसली, तर ओल जमिनीखालून वर येत आहे. जुन्या घरांत फरशी मुरुमाच्या भरावावर थेट बसवलेली असते, खाली ओलरोधक थर नसतो, आणि सभोवती पाणी धरून ठेवणारी काळी माती असते. अशा घरात ही ओल पावसाळ्यानंतर बरेच दिवस टिकते. या फरशीला श्वास कोंडणारा सीलर कधीही लावू नये. त्याचे कारण पुढे येईल.

योग्य काळ

खान्देशात दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचा काळ या कामासाठी सर्वोत्तम आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. फरशी तापलेली असताना लावलेला सीलर आत शिरण्याआधीच वर सुकतो आणि त्याचे ओघळ व ठिपके राहतात. पावसाळ्यात फरशी कोरडीच होत नाही. श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी घर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ केले जाते. त्या वेळी फरशी अवश्य धुवावी, पण सीलिंगचे काम तेव्हा काढू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे येणार म्हणून काम करायचे असल्यास ते फाल्गुनातच उरकावे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा फार असतो, म्हणून सीलर लावण्याची वेळ सकाळी दहानंतरची ठेवावी.

नवी बसवलेली फरशी असेल, तर सिमेंट पूर्ण पक्के होऊन सुकेपर्यंत किमान चार आठवडे थांबावे. टेराकोटा नव्याने बसवताना सांधे भरण्यापूर्वीच फरशांच्या वरच्या बाजूस सीलरचा एक पातळ हात द्यावा. तसे न केल्यास सांध्यातील सिमेंटचे पाणी मातीत शिरते आणि त्याचे राखाडी डाग काढता काढता नाकी नऊ येतात.

पाण्याविषयी दोन शब्द

आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड असते. ते फरशीवर वाळले की क्षारांचा पांढरा थर मागे राहतो, आणि चुनखडकावर तो थर आम्लाने काढता येत नाही, कारण आम्ल थरासोबत दगडही खाते. म्हणून शेवटच्या धुण्यासाठी नळाचे गोडे पाणी साठवून ठेवावे. ज्या गावांत नळ रोज येत नाही, तेथे पाणी येण्याचा दिवस पाहूनच काम ठरवावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पोचासाठी वापरण्याची सवय पाण्याची बचत म्हणून समजण्यासारखी आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात आणि सच्छिद्र फरशीसाठी ते सर्वांत वाईट पाणी होय. ते बादल्यांतून संडासात ओतावे. पोचाच्या पाण्यात खडे मीठ टाकण्याची प्रथाही टेराकोटा व शहाबादी असलेल्या घरांत थांबवावी. मीठ फरशीच्या छिद्रांत शिरते, पाणी उडाल्यावर तेथे त्याचे स्फटिक वाढतात आणि ते फरशीला आतून फोडतात.

स्वच्छता

प्रथम खोली पूर्ण रिकामी करा आणि केरसुणीने, शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लिनरने, सर्व धूळ काढा. वाळूचे कण राहिले तर घासताना तेच दगडावर ओरखडे काढतात. रंगाचे किंवा सिमेंटचे थेंब लाकडी अथवा प्लास्टिकच्या पट्टीने आडव्या हाताने खरवडा. तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी वापरू नये, कारण त्यांचे बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि गंजून तपकिरी ठिपके पडतात.

नाणे किंवा नखाने फरशी खरवडून पाहिल्यावर मऊ, मेणचट थर सुटत असेल, तर आधीचे मेण काढणे आवश्यक आहे. त्यासाठी पांढऱ्या कापडावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन थोड्या थोड्या जागेवर घासावे आणि कापड वारंवार बदलावे. ॲक्रिलिकचा जुना, पिवळा पडलेला किंवा सोललेला थर असेल, तर त्यासाठीच बनवलेला स्ट्रिपर, म्हणजे जुना थर सोडवणारे द्रव, घ्यावा आणि डब्यावरील सूचना शब्दशः पाळाव्यात. जुन्या थरावर नवा सीलर लावण्यात अर्थ नाही.

यानंतरची धुलाई दगडी फरशीसाठीच्या उदासीन पीएचच्या, म्हणजे आम्लही नसलेल्या आणि अल्कलीही नसलेल्या, क्लिनरने करावी. तो न मिळाल्यास बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवरूप साबणाचे दोन चमचे पुरतात. अधिक साबणाने केवळ चिकट थर राहतो. एका वेळी सुमारे चार फूट बाय चार फूट एवढीच जागा घ्या, ती ओली करा, दहा मिनिटे मळ फुगू द्या, पण वाळू देऊ नका. मग नायलॉनच्या मध्यम ब्रशने गोलाकार घासा आणि सांध्यांवर लहान ब्रश वेगळा फिरवा. सुटलेले मळकट पाणी लगेच वायपरने व कापडाने उचलून घ्या. हा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे. मळलेले पाणी तेथेच पडू दिले, तर टेराकोटा ते पुन्हा पिऊन टाकते आणि केलेली मेहनत आत जाते. त्यानंतर स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन प्रत्येक वेळी कोरडे पुसून घ्यावे. दुसऱ्या धुण्याचे पाणी गढूळ निघाले, तर तिसऱ्यांदा धुवावे.

धुण्याच्या सोड्याचा मोह होतो, कारण तेलावर तो खरोखर चालतो. दगडी फरशीवर तो पातळ करून वापरता येतो, पण टेराकोटावर टाळावा. त्याचेही क्षार आत राहतात आणि पुढे खार होऊन वर येतात.

डाग

डाग काढण्यामागील तत्त्व असे आहे की, वरून कितीही घासले तरी छिद्रात शिरलेला डाग वर येत नाही; त्याला शोषून वर ओढावे लागते. त्यासाठी लेप वापरतात. शोषक भुकटीत योग्य द्रव मिसळून घट्ट लगदा तयार करावा, डागाच्या कडेबाहेर बोटभर पसरेल असा अर्धा इंच जाड थर द्यावा, वर प्लास्टिक झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि २४ तास ठेवावे. त्यानंतर प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. डाग प्रामुख्याने या वाळण्याच्या काळातच वर ओढला जातो, म्हणून ओला लेप खरवडून काढू नये. आपल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या कडा सैल राहिल्या तर लेप दोन तासांतच सुकतो आणि द्रवाला आत शिरण्यास अवधी मिळत नाही. जुना डाग एका लेपात जाण्याची अपेक्षा ठेवू नये. दोन किंवा तीन वेळा ही कृती करावी लागते.

तेलासाठी, म्हणजे शेवभाजीची तर्री, बट्ट्यांवरचे तूप किंवा देवघरातील समईखालचे वर्तुळ यांसाठी, मुलतानी माती आणि मिनरल टर्पेंटाइन यांचा लेप करावा. ताजे तेल सांडले असेल, तर पुसण्याआधी त्यावर कोरडी मुलतानी माती किंवा ज्वारीचे पीठ दाबून ठेवावे. चोळल्याने तेल पसरते.

हळदीचा डाग वेगळ्या प्रकृतीचा आहे. त्यावर साबण, सोडा किंवा चुना लागला की तो लाल होतो. हळदीपासून कुंकू याच गुणामुळे बनते. म्हणून हळद सांडल्यास आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावी. राहिलेल्या डागावर औषधांच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शंखजिऱ्याची (टाल्क) पांढरी पूड यांचा लेप लावावा. मुलतानी मातीत लोह असते, त्यामुळे पेरॉक्साइडच्या लेपासाठी पांढरी भुकटीच घ्यावी. ओसरीवर ऊन येत असेल, तर फिकट डाग उन्हानेच आठवडाभरात विरतो. गडद रंगाच्या दगडावर पेरॉक्साइडने रंग उतरू शकतो, म्हणून आधी आडोशाच्या जागी पाहून घ्यावे.

रावेर, यावल आणि चोपड्याकडील घरांत केळीच्या चिकाचे डाग सर्वांत हट्टी असतात. घड ओसरीवर टेकवला की पाण्यासारखा दिसणारा चीक गळतो, त्या क्षणी तो कोणाच्या लक्षात येत नाही आणि हवेने तो काळपट-तपकिरी होतो. ताजा असताना तो ओल्या कापडाने लगेच टिपावा. काळा पडलेल्या चिकाचा वरचा चिकट थर टर्पेंटाइनने काढून, जागा वाळल्यावर, पेरॉक्साइडचा लेप द्यावा. केळी उतरवण्याची जागा ठरलेली असेल, तर तेथे गोणपाट किंवा ताडपत्री अंथरणे हा उत्तम उपाय आहे.

फरशीवर फुललेला पांढरा खार पाण्याने धुऊ नये. पाण्याने तो विरघळून पुन्हा आत जातो आणि काही दिवसांनी परत येतो. कोरड्या ब्रशने तो झाडून बाहेर टाकावा, खोली हवेशीर ठेवावी आणि तो येणे थांबेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी हेच करावे. टेराकोटावर जुना, कडक खार बसला असेल, तरच आम्लाचा आधार घ्यावा. फरशी आधी साध्या पाण्याने ओली करावी, म्हणजे आम्ल खोल जात नाही. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सल्फॅमिक ॲसिड विरघळवून ते पाणी मऊ ब्रशने दोन-तीन मिनिटे फिरवावे, लगेच उचलून घ्यावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे व चष्मा घालावा. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लावर ओतू नये, आणि जवळपास ब्लीच असता कामा नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. शहाबादी, कडप्पा, तांदूर, कोटा आणि संगमरवरावर ही कृती पूर्णपणे वर्ज्य आहे.

वाळवणे

घट्ट दगडाला एक ते दोन दिवस, टेराकोटा आणि खडबडीत शहाबादीला पंखे चालू ठेवून तीन ते पाच दिवस द्यावेत. वरून कोरडी दिसणारी फरशी आतून ओली असू शकते, म्हणून प्लास्टिकची परीक्षा पुन्हा एकदा करून खात्री करावी. या दिवसांत खोलीत अनवाणी किंवा स्वच्छ मोजे घालून वावरावे.

सीलर कोणता घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला आत शिरणारा, सिलेन-सिलोक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमरवर आधारलेला. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी व तेल नकोसे करतो, पण छिद्रे बुजवत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. दुसरा वर थर धरणारा, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा. तो चमक देतो, दुकानात नमुना पाहताना मन वेधून घेतो आणि खालून ओल येणाऱ्या फरशीवर नुकसान करतो. ओल आणि तिच्यासोबतचे क्षार त्या थराखाली अडकतात, थर पांढरा पडून सुटतो आणि टेराकोटाचा वरचा भागही सोबत घेऊन जातो. तळमजला, अंगण, ओसरी आणि स्नानगृह यांसाठी आत शिरणाराच सीलर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. वरच्या मजल्यावरील, पूर्ण कोरड्या टेराकोटाला चमक हवीच असेल, तर आत शिरणाऱ्या सीलरवर चालणारा थर कंपनीच्या सूचनेनुसार द्यावा. चुनखडकाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, सीलर डाग रोखतो, आम्लाची झीज रोखत नाही.

किती सीलर लागेल, हे फरशीवर अवलंबून असते. कोट्यासारख्या घट्ट दगडावर एक लिटर साधारण १०० ते १५० चौरस फुटांना पुरतो, तर टेराकोटाच्या पहिल्या हाताला ४० ते ६० चौरस फुटांतच संपतो. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या टेराकोटाच्या खोलीला पहिल्याच हातासाठी दोन ते तीन लिटर धरावेत.

सीलर लावणे

एका फरशीवर नमुना करून २४ तासांनी रंग पाहावा. काही सीलर दगड गडद करतात आणि ते नंतर परत फिरवता येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी खिडक्या उघडाव्यात. सीलर द्रावकयुक्त असेल, तर गॅस, समई, उदबत्ती आणि जवळचा फ्रिज बंद ठेवावा.

दाराच्या विरुद्ध कोपऱ्यापासून सुरुवात करून मागे सरकत यावे. रुंद ब्रशने किंवा सुती कापडाने फरशी आणि सांधे दोन्ही एकसारखे ओले करावेत, कोठेही डबके होऊ देऊ नये. पाच ते दहा मिनिटांनी, पृष्ठभाग अजून ओलसर असतानाच, वर उरलेला सर्व सीलर कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावा. एकट्याने मोठी खोली करू नये. एकाने लावावे आणि दुसऱ्याने मागोमाग पुसावे, अन्यथा पुसण्याची वेळ निघून जाते. दुसरा हात डब्यावर सांगितलेल्या अंतराने द्यावा. टेराकोटाला तिसऱ्या हाताचीही गरज पडू शकते. थेंबाची परीक्षा ते सांगते. वर धुरकट थर राहिलाच, तर त्याच सीलरमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने चोळून लगेच कोरड्या कापडाने पुसावे. त्यानंतर २४ तास पाणी लागू देऊ नये आणि जड सामान तीन दिवसांनी आत आणावे.

टेराकोटासाठी जवसाच्या तेलाची जुनी पद्धतही चांगली आहे, मात्र ती घराच्या आत आणि पूर्ण कोरड्या फरशीवरच. रंगाच्या दुकानातील डबल बॉइल्ड जवसाचे तेल घ्यावे, कारण कच्चे तेल फार काळ ओले राहते. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळावे, ते आचेवर गरम करू नये, अर्ध्या तासाने उरलेले तेल पूर्ण पुसावे आणि दुसरा हात २४ तासांनी द्यावा. तेल पक्के झाल्यावर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात देऊन कापडाने घोटावे. फरशीचा रंग यामुळे खोल होतो आणि वर्षागणिक सुंदर दिसू लागतो. येथे एक धोका गंभीरपणे घ्यावा : जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळताना उष्णता निर्माण करते आणि चुरगाळून एकत्र टाकलेली तेलकट फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडील उन्हात हा धोका अधिकच आहे. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा बाहेर, एकेक पसरून, कडक होईपर्यंत वाळवावीत.

नंतरची निगा

रोज आधी केर काढावा, मग पिळून घेतलेल्या पोचाने पुसावे. पोच्यातून पाण्याचा थेंब गळता कामा नये. फिनेल, रॉकेल, लिंबू आणि आम्लयुक्त क्लिनर टाळावेत. आठवड्यातून एकदा उदासीन क्लिनर पुरेसा आहे. दाराशी आत आणि बाहेर पायपुसणे ठेवावे, विशेषतः शेतातून थेट घरात येणे होत असेल तेव्हा.

दर सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात, दारापाशी आणि देवघरासमोर थेंबाची परीक्षा करावी, कारण सीलर सर्वांत आधी तेथेच झिजतो. जेथे पाणी दोन मिनिटांत आत जाते, तेवढीच जागा धुऊन, वाळवून पुन्हा सील करावी. संपूर्ण घर काढण्याची गरज नसते. त्यासाठी वापरलेल्या सीलरचे नाव, लावल्याची तारीख आणि किती हात दिले हे लिहून ठेवावे, आणि उरलेल्या दोन-चार फरशा जपून ठेवाव्यात, म्हणजे पुढचा प्रत्येक नमुना आधी त्यांच्यावर करून पाहता येतो.